उज्जैनला मी चार दिवस पुरुष होते

पुण्याहून दुपारी गाडी हलली, तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईंनी डबा उघडता उघडता मला विचारलं, "उज्जैनला का? लग्नबिग्न आहे वाटतं?"

"नाही," मी म्हटलं, "एका पुरुषाची जागा भरायला चाललेय."

बाईंनी आपली पर्स हळूच मांडीखालून काढून पलीकडे ठेवली. मला हसू फुटलं आणि मग त्यांना सगळं सांगणं भागच पडलं. तुम्हालाही तिथूनच सांगते.

माझा आवाज जाड आहे. नुसता जाड नाही, चांगला खर्जातला. फोनवर मी 'हॅलो' म्हटलं की पलीकडून 'बोला सर' येतं. शाळेत असताना स्वागतगीताच्या वेळी बाई मला मागच्या रांगेत उभं करायच्या आणि सांगायच्या, "सुनंदा, तू फक्त ओठ हलव." पुढे मी कऱ्हाडच्या एका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. वर्गात या आवाजाचा उपयोग झाला, पण त्याचं कौतुक असं कोणी कधी केलं नाही. मीही चारचौघांत बेताचंच बोलायची सवय लावून घेतली होती.

आणि एक दिवस उज्जैनहून मंजूचा फोन आला. मंजिरी माझी धाकटी मावसबहीण. नवऱ्याच्या, म्हणजे अरुणरावांच्या, बँकेतल्या नोकरीमुळे ती तिकडे गेली आणि मग तिकडचीच झाली. तीही इंग्रजीचीच शिक्षिका, आता निवृत्त.

"ताई, मला तुझी आवाज पाहिजे," ती म्हणाली. तिच्या मराठीत हिंदीची अशी ये-जा असते. "अरुणच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. छोटंसंच, परेशान नको होऊ. पण डॉक्टर बोलले, महिनाभर एक शब्दपण काढायचा नाही. आणि मला शनिवारपर्यंत एक मॅन पाहिजे!"

भानगड अशी होती. चीनमध्ये बारावीच्या वयाच्या मुलांना विद्यापीठ प्रवेशाची फार मोठी परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकून समजण्याचा एक भाग असतो. एक पुरुष आणि एक बाई काहीतरी बोलतात, मग प्रश्न येतो: ते कुठे आहेत? बाई आता काय करील? तीन पर्यायांतून एक निवडायचा. वाचून समजण्याचे उतारेही असतात. दोन वर्षं मंजू तिकडच्या एका कंपनीसाठी या सरावाचे संवाद आणि उतारे लिहीत होती. आवाजही तिचा आणि अरुणरावांचाच. आता कंपनी म्हणत होती, की माणसं कशाला, यंत्राच्या आवाजात सगळं होतं. शेवटी ठरलं, की शनिवारी एका वर्गाला एक संच यंत्राच्या आवाजात ऐकवायचा, एक मंजूचा. मग निर्णय.

"अगं, पण मी बाई आहे," मी म्हटलं.

"फोनवर कोण सांगणार?" मंजू म्हणाली. त्याच रात्री मी बॅग भरली.

बुधवारी सकाळी उज्जैन स्टेशनवर उतरले तर दोघंही न्यायला आले होते. अरुणरावांच्या हातात चक्क मुलांची पाटी, आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात: 'वेलकम मॅन!' आजूबाजूचे लोक माझ्यामागे कोण उतरतंय ते पाहत होते.

घरी न जाता थेट फ्रीगंजमध्ये पोहे-जलेबी खायला गेलो. तिकडचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, आपल्यासारखे फोडणीत खरपूस झालेले नाहीत. बडीशेप, वरून शेव, डाळिंबाचे दाणे आणि एक मसाला, त्याला ते जीरावन म्हणतात (जिरं आणि आमचूर घातलेला आंबट-तिखट मसाला). सोबत गरम जलेबी. पोह्यांचा एक घास आणि जलेबीचा एक तुकडा आळीपाळीने खायचा, हे मला कऱ्हाडला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दुसरी प्लेट मी स्वतःहून मागितली.

"भैया, एक और," मी म्हटलं.

"अभी लाया साहब," दुकानदार पाठमोराच म्हणाला, आणि मग वळून माझं पातळ पाहून त्याचा झारा तसाच हवेत राहिला. अरुणरावांनी पाटीवर लिहिलं: 'पास!'

माधव नगरमधलं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. मधल्या खोलीत मंजूने स्टुडिओ केला होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर कपड्यांच्या कपाटाची दोन्ही दारं उघडी, त्यांवर रजया टाकलेल्या, आणि आत साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये माइक. आम्ही दोघींनी त्या रजयांत डोकी खुपसून उभं राहायचं. बाहेर अरुणराव कानाला हेडफोन लावून बसायचे आणि काही चुकलं की मला कोपराने ढोसायचे.

पहिला संवाद विमानतळावरचा. माझं पहिलंच वाक्य होतं, "माफ करा मॅडम, ही जागा रिकामी आहे का?" मी ते माझ्या असेल नसेल तेवढ्या भारदस्त इंग्रजीत म्हटलं. मंजू शेजारी, एकाच रजईत, नाकाला नाक लागेल इतकी जवळ. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग आम्ही ज्या हसत सुटलो, त्या कपाटातल्या चार साड्या खाली पडेपर्यंत थांबलो नाही. दुसऱ्या वेळी मी जरा सावरले, तर खाली भाजीवाला ओरडला, "आलू ले लो, गिलकी ले लो!" तिसऱ्या वेळी शेजारचा कुकर. चौथ्या वेळी कुकर नाही, भाजीवाला नाही, आम्हीही हसलो नाही; तर शेजारचा पोपट अगदी माझ्या आवाजात म्हणाला, "मॅडम!"

अरुणराव आवाज न करता हसत होते. त्यांचे खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी पाटी पुढे केली: 'ताई, मला हसवू नका. टाके आहेत.'

दुपारी जेवायला दाल-बाफले होते (बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी उकडून मग भाजलेले आणि तुपात बुडवलेले). मी चार खाल्ले. पाचवा मंजूने आग्रहाने वाढला. त्यानंतर माझा आवाज असा काही खर्जात उतरला, की संध्याकाळपर्यंत सहा संवाद एका दमात झाले.

पण रात्री आम्ही ते ऐकायला बसलो, तेव्हा हसू गेलं. सगळं बरोबर होतं. उच्चार स्वच्छ होते, वाक्यं स्पष्ट. आणि एकातही जीव नव्हता. वाचनालयात पुस्तक शोधणारा पुरुष, दुकानात बूट बदलून मागणारी बाई. असली माणसं मंजूने कुठे पाहिली होती आणि मी तरी कुठे!

"यंत्र हेच करतं ताई," मंजू म्हणाली. "आणि कुकरशिवाय करतं."

अरुणराव औषध घेऊन झोपायला गेले. ती उठली नाही. बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत बसली. "शाळा सुटली ना, तेव्हापासून मला कोणी काही विचारत नाही गं," ती म्हणाली. "विचारतात, पण काय? भाजी कोणती, दूध आलं का. ही मुलं माझं ऐकतात आणि सोचतात, हिला काय म्हणायचंय? मी त्यांना कधी बघितलंपण नाही. पण रोज सकाळी उठून मला वाटतं, कोणीतरी तिकडे कान लावून बसलंय."

माझ्या निवृत्तीची दुपार कशी जाते, ते मला माहीत होतं.

सकाळी उठले तर पाटी चहाच्या कपाला टेकवून ठेवलेली होती: 'शेवटचा संवाद नदीवरचा आहे. मग नदीवर का जात नाही?'

शेवटचा संवाद लांबलचक होता. नदीकाठी एका माणसाचा भाऊ हरवतो आणि तो एका बाईला विचारतो, तुम्ही त्याला पाहिलं का. ठरलं, तालीम तिथेच करायची, आवाज कसा लागतो ते पाहायचं आणि घरी येऊन पुन्हा रेकॉर्ड करायचं. अरुणरावांना घरी ठेवून आम्ही दोघी रिक्षाने राम घाटावर गेलो.

सकाळचं कोवळं ऊन होतं. क्षिप्रेचं पाणी संथ, त्यात पाय सोडून बसलेल्या बायका, ओल्या लुगड्यांच्या पताका, छत्र्यांखाली बसलेले पंडे (घाटावरचे पुरोहित). आम्ही एका पायरीवर कागद घेऊन बसलो आणि सुरुवात केली.

"कृपा करून मदत करा!" मी इंग्रजीत म्हटलं. "माझा भाऊ हरवला आहे!"

"त्याने काय घातलं आहे?" मंजूने विचारलं.

"निळा शर्ट! तो म्हातारा आहे! त्याला नीट ऐकू येत नाही!"

घरात जे जमत नव्हतं ते इथे आपोआप जमलं. एवढ्या गर्दीत आवाज चढवावाच लागत होता, आणि चढवला की त्यात काळजी येत होती. मी उठून उभी राहिले. हात पसरले. पदर खोचून पुन्हा म्हटलं, "माझा भाऊ! निळा शर्ट!" आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज असा मोकळा सोडला होता, आणि तो पार पलीकडच्या काठापर्यंत गेल्यासारखा वाटला. काय सांगू, मजा आली! मी तिसऱ्यांदा म्हटलं.

शेजारच्या छत्रीखालचे, परदेशी यात्रेकरूंमुळे कामापुरतं इंग्रजी समजणारे पंडाजी केव्हा उठून गेले ते आम्हाला कळलंच नाही. कळलं ते भोंग्यातून.

"सावधान! नीली शर्ट पहने एक बुज़ुर्ग भाईसाहब अपनी बहनजी से बिछड़ गए हैं। कम सुनते हैं। जिसको मिलें, घाट पर ले आएँ। बहनजी बहुत रो रही हैं!"

मंजूने माझा हात धरला. "ताई," ती म्हणाली, "रो रही हैं म्हणजे तूच."

आम्ही पंडाजींना गाठेपर्यंत उशीर झाला होता. राम घाटावरची माणसं फार मदतीची निघाली. पाच मिनिटांत पहिला निळा शर्ट हजर झाला, तो देवासहून आलेला एक कॉलेजचा मुलगा होता आणि म्हातारा तर मुळीच नव्हता. दुसरा नावाडी होता, त्याला गिऱ्हाईक आहे असं वाटून तो आला होता. तिसऱ्याला चौघांनी दोन्ही दंडांना धरून आणलं. सत्तरीचे एक काका, डोक्यावर टोपी, चेहरा लाल.

"सोडा मला!" ते मराठीत ओरडत होते. "मी हरवलेलो नाही! आमची ही हरवलीय!"

मराठी ऐकून मी पुढे झाले. "काका, कुठले तुम्ही?"

"आँ?"

"कुठले?" या वेळी मी माझा खरा आवाज लावला.

"जालन्याचे. तासभर झाला, एका जागी उभा आहे मी. जो एका जागी उभा आहे तो हरवेल कसा? ती गेलीय कुठंतरी!"

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत एक काकू आल्या. हातात पितळी गडू, अंगावर हिरवं लुगडं, आणि चेहऱ्यावर रागही आणि हसूही. "अहो, सोडा त्यांना," त्या म्हणाल्या. "मी कुठं गेलेली नाही. समोरच्या पायरीवर बसले होते."

"केव्हापासून?" काकांनी विचारलं.

"तासभर."

"मग हाक नाही मारायची?"

"हाक मारून तुम्हाला ऐकू येतंय होय! आणि म्हटलं बघू तरी," काकू म्हणाल्या, "हा माणूस मला शोधतोय का नुसताच उभा राहतोय."

सगळा घाट हसला. काकांनी काकूंच्या हातातला गडू घेतला आणि तो दोन्ही हातांत धरून उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "जागा सोडली असती तर तुला सापडलो नसतो." काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या का रडत, ते मला आजही सांगता येणार नाही.

पंडाजी माझ्यापाशी आले. "तो बहनजी, आपके भाई कौन से हैं?"

आम्ही हात जोडून खरं ते सांगितलं. चीन, परीक्षा, संवाद, पर्याय. मला वाटलं आता हे भडकणार. पण त्यांनी अंगठ्याने काका-काकूंकडे खूण केली.

"तो इनका पेपर निकालो ना," ते म्हणाले. "आपका भाई तो नकली है."

मंजूने त्याच पायरीवर बसून आधीचा कागद फाडला आणि नवा लिहायला घेतला. काका-काकूंना विचारलं, तुमचं बोलणं नावगाव न घालता मुलांच्या अभ्यासात घेतलं तर चालेल का. काकू म्हणाल्या, "घ्या, पण ह्यांना शहाणं दाखवू नका." संवाद तयार झाला. प्रश्न एकच होता: हरवलं कोण? पुरुष, बाई, की दोघांपैकी कोणीच नाही? मंजूच्या मते उत्तर तिसरं. शुक्रवारी रजईत डोकं घालून आम्ही तो पहिल्या झटक्यात रेकॉर्ड केला. पोपटसुद्धा गप्प होता.

शनिवार. आपल्याकडे सकाळचे साडेआठ, त्यांच्याकडे अकरा वाजलेले. मंजूच्या लॅपटॉपवर वर्ग उघडला. चाळीसेक मुलं-मुली, सगळ्यांच्या अंगावर निळे-पांढरे सारखे गणवेश, बाकांवर पुस्तकांचे इतके उंच ढीग की मागच्यांचे फक्त डोळे दिसत होते. त्यांच्या शिक्षिका लिन बाई तिशीतल्या, चष्मा लावलेल्या. एका कोपऱ्यात कंपनीचे एक गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते. मंजूने नवी साडी नेसली होती. मला तिने कॅमेऱ्याच्या बाहेर, दाराआड बसवलं होतं, कारण 'मॅन' पडद्यावर येऊन कसं चालेल!

आधी यंत्राचा संच लागला. मुलांनी माना खाली घालून उत्तरं लिहिली. जवळजवळ सगळी बरोबर. मग आमचा. विमानतळ, वाचनालय, उत्तरं बरी आली, पण यंत्राइतकी नाही. मंजूचा चेहरा मला बाजूने दिसत होता. मग शेवटचा संवाद लागला.

"मी हरवलेलो नाही!" लॅपटॉपमधून माझा आवाज गरजला. "माझी बायको हरवली आहे!"

एका मुलाने मान वर केली. मग दुसऱ्याने. काकूंचं 'बघू तरी, हा मला शोधतोय का' आलं आणि वर्गात खसखस पिकली. संवाद संपल्यावर मुलं ओरडायला लागली, ते चिनीत होतं, पण 'पुन्हा लावा' हे कोणत्याही भाषेत कळतं. लिन बाईंनी पुन्हा लावला.

उत्तरं आली. चाळीसांपैकी मूठभरांनीच तिसरा पर्याय निवडला होता. कंपनीच्या गृहस्थांनी वहीत फुली मारल्यासारखी मला दिसली. मंजूने डोळे मिटले.

आणि एक मुलगी उभी राहिली. बारीक कापलेले केस, मोठा चष्मा. थांबत थांबत, एकेक इंग्रजी शब्द जोडत ती म्हणाली, "उत्तर चूक आहे. तो पुरुष हरवला आहे. कारण कोणीतरी त्याच्याकडे बघतंय, आणि त्याला माहीत नाही."

मागून एक मुलगा उठला. "नाही! बाई हरवली आहे. ती परत जाऊ शकते, पण जात नाही." मग जी जुंपली, ती लिन बाईंना आवरेना. अर्धी मुलं इंग्रजीत भांडत होती. चुकीच्या इंग्रजीत, धडपडत, हात नाचवत, पण इंग्रजीत! मंजू खुर्चीतून अर्धी उठली होती. तिचे डोळे असे चमकत होते, की मला आमच्या लहानपणची मंजू आठवली.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "आम्हाला तो पुरुष बघायचा आहे. ते सर कुठे आहेत?"

मंजूने दाराकडे पाहिलं. अरुणरावांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि सरळ पुढे ढकललं. अंबाडा, चष्मा, नऊवारी नव्हे पण ठसठशीत काठाचं पातळ, अशी मी पडद्यासमोर उभी राहिले.

"गुड मॉर्निंग," मी माझ्या आवाजात म्हटलं. "मीच तो पुरुष."

वर्ग कोसळला. पुस्तकांचा एक ढीग खरोखरच खाली पडला. मुलं बाकांवर उभी राहिली, टाळ्या वाजल्या, आणि लिन बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. ज्या आवाजासाठी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं, त्याला हजारो मैलांवरून चाळीस मुलं 'वन्स मोअर' देत होती. मी त्यांना संवाद प्रत्यक्ष म्हणून दाखवला. दोनदा.

दुपारी निरोप आला. कंपनीने परीक्षेच्या सरावासाठी यंत्रच घेतलं. ते चुका करत नाही, आणि परीक्षेत चुकून चालत नाही, हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मंजू वाचून पलंगावर बसली. पण खाली लिन बाईंनी वेगळं लिहिलं होतं: दर शनिवारी माझ्या वर्गाला तुम्ही दोघींनी अर्धा तास द्यावा. प्रत्यक्ष बोलायचं. उत्तरपत्रिका नको.

मंजूने ते तीनदा वाचलं. मग मला म्हणाली, "ताई, उत्तर नसलेलं कसं शिकवायचं गं?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी पुन्हा हसत सुटलो.

रविवारी परतीची गाडी पकडली. रतलामच्या पुढे शेतं मागे पळत होती आणि मी विचार करत होते. एवढी वर्षं मी मुलांना धडा दिला, प्रश्न दिले, आणि माझ्या मनातलं उत्तर आलं की बरोबरची खूण केली. वेगळं उत्तर देणारीही कोणीतरी असतीलच. त्यांना मी 'खाली बस' म्हटलं असेल. किती जणांना, ते आता आठवत नाही, आणि ते आठवत नाही हेच मला लागलं. पण फार वेळ लागलं नाही. कारण मी चहावाल्याला मारलेली हाक ऐकून वरच्या बर्थवर पडलेल्या गृहस्थांनी न बघताच विचारलं, "दादा, खिडकी जरा लावता का?" आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "लावते की!"

कऱ्हाडला घरी पोचून कुलूप काढते न काढते तोच शेजारच्या लीलाताई आल्या. आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन.

"आलीस? कसं झालं महाकाळाचं दर्शन?"

मी किल्ली हातात धरून उभी राहिले. चार दिवस उज्जैनला राहिले, पोहे खाल्ले, बाफले खाल्ले, घाटावर भाऊ हरवला, चिनी मुलांसमोर दोनदा आरोळी ठोकली, आणि महाकाळेश्वराच्या देवळात मी गेलेच नव्हते. मंजूनेही नेलं नव्हतं. आम्हा दोघींपैकी एकीलाही ते आठवलं नव्हतं!

लीलाताईंनी भक्तिभावाने उजवा हात पुढे केला, खाली डावा. मी बॅग उघडली. वरच स्टेशनवर घेतलेली लसूणशेव होती. काय करावं सुचेना, तिच्यातलीच चिमूटभर त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली, डोळे मिटले आणि तोंडात टाकली.

"तिखट आहे गं," त्या म्हणाल्या. "पण छान आहे. अजून थोडा प्रसाद दे."